बंदुका-गोळ्यांचा तुटवडा आला की सगळं सुरळीत व्हायला नक्की किती वेळ लागतो? (अमेरिकावासीयांनो, अनुभव सांगा)

केटीकर_तात्या
नमस्कार मंडळी. प्रश्न आपल्या नेहमीच्या डाळ-तांदूळ-व्हिसा लाइनीतला नाहीये पण इथे बरेच जण रेंजवर जातात हे मला माहितीये म्हणून विचारतोय. मी ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. सिटिझन झाल्यावर एक ९ एमएम पिस्तूल घेतलं आणि मग पॉइंट टू-टूची (बारक्या, स्वस्त गोळीची) रुगर १०/२२ रायफल घेतली, शनिवारी दोन मित्रांबरोबर रेंजवर जातो, बाकी काही नाही, ना शिकार ना काही. तर सध्या ज्या दुकानातून गोळ्या घेतो तिथला माणूस दर वेळी एकच टेप लावतो की घेऊन ठेवा, परत २०२० सारखा तुटवडा होणार, मग रडाल. रेंजवरचे म्हातारे तर त्याहून वरचढ, एक आजोबा म्हणाले माझ्याकडे नातवापर्यंत पुरेल एवढा साठा आहे. २०२० मध्ये माझ्याकडे बंदूकच नव्हती त्यामुळे मला त्याची झळ लागलेली नाही. तर ज्यांनी हे प्रत्यक्ष बघितलंय त्यांनी सांगा, एकदा शेल्फ रिकामं झालं की परत भरायला महिने लागतात का वर्षं? बंदुका आणि गोळ्या एकदमच परत येतात का? आणि भाव खाली येतात का, की एकदा चढला तो चढलाच? घरात आमच्या हिने कपाटाचा एकच कप्पा दिलाय, त्याच्या वर एक डबा दिसला तर मला बाहेर काढेल, त्यामुळे ट्रकभर साठा हे उत्तर चालणार नाही. आणि राजकारण नको प्लीज.

ओहायोचा_सातारकर
तात्या, राजकारण नको म्हणताय पण हा सगळा बाजारच राजकारणावर नाचतो हो, त्याला मी काय करू. मी इथे तीन तुटवडे बघितलेत, २००८ नंतरचा, २०१३ चा आणि २०२० चा, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा होता, त्यामुळे एक आकडा सांगणारा माणूस भेटला तर तो बहुतेक काहीतरी विकतोय असं समजा.

२००८ ला ओबामा निवडून आले आणि बंदी येणार म्हणून लोक तुटून पडले. पण त्या वेळी मजा कशाची झाली तर पॉइंट ३८० ची. त्याच वर्षी रुगरने एलसीपी नावाचं खिशात मावणारं छोटं पिस्तूल काढलं होतं आणि ते धडाधड खपलं, म्हणजे त्या गोळीचं गिऱ्हाईक वाढलं आणि नेमकं त्याच वेळी कारखाने ९ एमएम आणि पॉइंट ४५ काढण्यात गुंतलेले. पॉइंट ३८० सारखा माल हे लोक वर्षभर सलग काढत नाहीत, मध्येच मशीन सेट करून एक घाणा काढतात आणि परत ९ एमएम लावतात. ९ एमएम दिसायला लागली तरी पॉइंट ३८० वाले बिचारे पिस्तूल खिशात आणि गोळी नाही अशा अवस्थेत फिरत होते.

मग डिसेंबर २०१२ ला कनेटिकटमध्ये सँडी हूकच्या शाळेत ती भयंकर घटना झाली, २० लहान मुलं आणि शाळेतली ६ मोठी माणसं गेली. त्यानंतर कायदा कडक होणार हे उघड होतं आणि एआर-१५ रायफलींचे भाव दुप्पट झाले, मॅगझिन मिळेनात. पण बघा, एप्रिल २०१३ मध्ये सेनेटमध्ये ते बिल पडलं आणि त्याच उन्हाळ्यात रायफली परत दिसायला लागल्या, २०१४ मध्ये तर डिस्काउंटवर विकत होते कारण सगळ्यांनी कारखाने फुल स्पीडला लावून ठेवले होते आणि गिऱ्हाईक संपलं. म्हणजे बंदुकीचं दुखणं एका वर्षात बरं झालं. पॉइंट टू-टूचं मात्र २०१६ उजाडेपर्यंत चाललं! सगळ्यात स्वस्त, पोराटोरांना शिकवायची गोळी, आणि तीच सगळ्यात शेवटी आली. सकाळी सुपरस्टोअर उघडायच्या आधी रिटायर्ड मंडळी दाराशी खुर्च्या टाकून बसलेली असायची, ट्रक कुठल्या वारी येतो ते त्यांना पाठ, माणशी तीन बॉक्सची मर्यादा म्हणून बायकोला आणि मेव्हण्यालाही रांगेत उभं करायचे आणि दुपारी तोच माल फ्ली मार्केटमध्ये तिप्पट भावाने. मी स्वतः त्यातल्या एका आजोबांकडून ५०० गोळ्यांची एक वीट, म्हणजे मोठं खोकं, घेतली, त्यावर दुकानाचं स्टिकर तसंच होतं, काढायची तसदीही घेतली नव्हती.

तेव्हा एक अफवा जोरात होती की होमलँड सिक्युरिटीवाले सगळ्या गोळ्या मुद्दाम विकत घेऊन ठेवतायत. सरकारच्याच ऑडिटवाल्यांनी, म्हणजे जीएओने, २०१४ ला रिपोर्ट दिला की असं काही नाही, २०१३ मध्ये उलट त्यांची खरेदी आधीपेक्षा कमीच होती. गोळ्या गेल्या होत्या लोकांच्या तळघरात.

२०२० चं नंतर लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

नीता_एनजे
सातारकर काका येईपर्यंत मी एक महत्त्वाची गोष्ट घुसडते, कारण इथे वाचणारे निम्मे एच-वनवर आहेत. तात्या सिटिझन आहेत, त्यांचं ठीक. पण एच-वन, एफ-वन वगैरे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर केंद्राच्या कायद्याने बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगायला बंदी आहे, व्हॅलिड हंटिंग लायसन्स असेल तर अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना हा प्रश्न नाही. आणि रेंजवर भाड्याने घेऊन मारणं हेही बाळगण्यातच धरलं जाऊ शकतं, मित्र म्हणतो चल रे काही होत नाही, होतं ते मित्राचं नाही तुमचं होतं. वकिलाला विचारून मगच.

आता मूळ प्रश्न. कुठल्या राज्यात राहता त्यावर तुटवडा किती लांबतो हे ठरतं. टेक्सासात तुम्ही ऑनलाइन ऑर्डर मारली की दारात बॉक्स. न्यू जर्सीत पिस्तुलाच्या गोळ्या घ्यायलासुद्धा पोलिसांकडून आयडी कार्ड लागतं आणि २०२० मध्ये त्या कार्डाचीच रांग एवढी वाढली की कायद्यात ३० दिवस लिहिलेलं आमच्या टाउनमध्ये काही महिन्यांवर गेलं. कॅलिफोर्नियात २०१९ च्या जुलैपासून प्रत्येक वेळी गोळ्या घेताना बॅकग्राउंड चेक, म्हणजे गिऱ्हाईकाची सरकारी तपासणी, होतो आणि ऑनलाइन मागवलेला मालसुद्धा दुकानात जाऊन उचलावा लागतो, वर जुलै २०२४ पासून ११ टक्के जादा टॅक्स, केंद्राचा ११ टक्के आहेच तो वेगळा. त्यामुळे माझी बहीण सॅन होजेत आणि मी एडिसनला, आम्हाला "मार्केट नॉर्मल झालं" ही बातमी तुमच्यापेक्षा बरीच उशिरा कळते. मी स्कीट खेळते, म्हणजे बारा बोर शॉटगनने उडत्या तबकड्या मारायच्या, माझा अनुभव असा की शॉटगनचे टार्गेट लोड, म्हणजे सरावाची काडतुसं, मिळत होते पण भाव जे चढले ते परत पूर्वीच्या जागी काही आले नाहीत.

शिफ्ट_इंजिनियर
मी बंदूकवाला नाही, पण स्टॅम्पिंगच्या धंद्यात आहे, ऑटो पार्ट्सचं, मिशिगन साइडला. गोळीची पितळेची केस बनवायची पद्धत आमच्याच कामासारखी असते म्हणून लिहितोय. पितळेच्या पट्टीतून एक छोटी वाटी पंच करतात, मग ती ओढत ओढत लांब करायची, प्रत्येक ओढीनंतर पितळ कडक होतं म्हणून भट्टीत मऊ करायचं, धुवायचं, परत ओढायचं. हे प्रेस जुने असतात, अवाढव्य असतात आणि पन्नास-साठ वर्षं चालतात. ऑर्डर केली की पुढच्या महिन्यात येऊन पडले असं होत नाही, डाय बनवणारे कारागीरच मोजके उरलेत.

पण खरी गोम केसमध्ये नाहीये, प्राइमरमध्ये आहे. गोळीच्या बुडाशी ती जी बारकी टोपी असते ती. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर प्राइमर बनवणारी मुख्य नावं म्हणजे सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन, संपलं. त्यातलं रसायन धक्क्याने उडणारं असतं म्हणून ते ओलं असतानाच भरतात, इमारती एकमेकींपासून लांब, मध्ये मातीचे बांध, माणसं कमी, परवानग्या ढीगभर. अशी लाइन वाढवायची म्हणजे वर्षांचं काम. आणि प्राइमर थोडेच आले की कंपनी ते आधी स्वतःच्या तयार गोळीत घालणार, घरी बसून गोळ्या भरणाऱ्यांना सुटे विकण्यात तिला काय मिळतं? म्हणून रीलोडिंगवाले सगळ्यात शेवटी.

तात्यांच्या पॉइंट टू-टूचं आणखी वेगळं. त्याला वेगळी टोपी नसतेच, रसायन केसच्या काठात गोल फिरवून बसवतात, म्हणजे ९ एमएमच्या लाइनवर पॉइंट टू-टू निघू शकत नाही आणि उलटही नाही. वर ती गोळी एकदा मारली की केस टाकून द्यायची, परत भरता येत नाही. आणि नफा म्हणाल तर सेंटमध्ये. कंपनीकडे माणसं आणि पितळ मर्यादित असेल तर ते कुठे लावणार, सांगा.

मग लोक म्हणतात कारखाने का नाही वाढवत, पैसे नको झालेत का यांना? अहो वाढवून बसले होते की. २०१६ ला ट्रम्प निवडून आले, बंदीची भीती गेली, गिऱ्हाईक घरी बसलं, आणि रेमिंग्टनने मार्च २०१८ मध्ये दिवाळं काढलं. मग जुलै २०२० मध्ये परत! म्हणजे देशात गोळी मिळत नाहीये आणि गोळी बनवणारी दोनशे वर्षं जुनी कंपनी कोर्टात उभी. माझ्या मते नवीन प्रेस घ्यायचा निर्णय घेणाऱ्या माणसाला हे चित्र आयुष्यभर डोळ्यासमोर दिसत असणार, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही तिसरी शिफ्ट लावली असती, ओव्हरटाइम दिला असता, पण नवीन शेड बांधली नसती.

पुणेरी_टोमणे
अमेरिकेत जाऊन मराठी माणूस काय करतोय तर गोळ्यांचे भाव लावतोय. छान. इकडे आम्ही दिवाळीत टिकल्यांच्या पिस्तुलाचा आवाज झाला तरी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकतो.

केटीकर_तात्या
@पुणेरी_टोमणे साहेब, तुमच्या सोसायटीला आमचा दंडवत. चालू द्या.
@शिफ्ट_इंजिनियर हे प्राइमरचं प्रकरण मला अजिबात माहीत नव्हतं, थँक्यू. म्हणजे दुकानदार सरसकट "माल नाही" म्हणतो तेव्हा कुठला माल हे विचारायला पाहिजे.

ओहायोचा_सातारकर
आलो. २०२०.

मार्चमध्ये लॉकडाउन लागला आणि एका महिन्यात एफबीआयकडे ३७ लाख बॅकग्राउंड चेक गेले. वर्षाचे मिळून जवळजवळ ३ कोटी ९७ लाख, आदल्या वर्षी २ कोटी ८४ लाख होते. आता प्रत्येक चेक म्हणजे एक बंदूक असं नसतं, परमिटचे चेक पण त्यातच येतात, इंडस्ट्रीची जी संस्था आहे एनएसएसएफ ती ते वजा करून २ कोटी १० लाखाच्या आसपास धरते. पण त्यांचाच दुसरा अंदाज जास्त बोलका आहे, ८४ लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली. आता गणित करा, ह्या प्रत्येकाने नुसते ५० चे दोन बॉक्स घेतले तरी ८४ कोटी राउंड झाले. आणि हे नेहमीचे लोक जे घेतात त्याच्या वर. त्यात वॉलमार्टने सप्टेंबर २०१९ मध्येच पिस्तुलाच्या आणि एआर रायफलीच्या पॉइंट २२३ च्या गोळ्या विकणं बंद करायचं जाहीर केलं होतं, म्हणजे ज्या शेल्फवरून लोक घ्यायचे ते शेल्फच नाही. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

रेमिंग्टन दिवाळखोरीत, तिचे तुकडे करून विकले. अर्कान्सामधला लोनोकचा गोळ्यांचा कारखाना व्हिस्टाने घेतला, ८ कोटी १४ लाख डॉलरला, ज्यांच्याकडे फेडरल आणि सीसीआय आधीपासूनच होते. तिथे परत माणसं भरून लाइन चालू करायला अर्थातच वेळ गेला. लेक सिटीचा आर्मीचा कारखाना, मिझुरीतला, जिथून उरलेला ५.५६ माल, म्हणजे एआर रायफलीच्या गोळ्या, पब्लिकला मिळतो, त्याचा ऑपरेटरही त्याच ऑक्टोबरमध्ये बदलला, नॉर्थरॉपकडून विंचेस्टरकडे. सगळं एकाच वर्षी.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, माझ्या आठवणीने. बंदुका, म्हणजे ग्लॉक, एआर वगैरे चालू माल, २०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत काउंटरवर दिसायला लागला होता, म्हणजे सव्वा वर्ष धरा. ९ एमएम आधी १८-२० सेंटला एक राउंड होती, २०२१ च्या सुरुवातीला ७०-८० सेंट झाली आणि तरी लोक घेत होते, त्याच वर्षाच्या शेवटी मिळायला लागली पण महाग, ३० च्या आसपास यायला २०२२ संपलं. पॉइंट टू-टू ह्या खेपेला २०१३ इतकी नाही रडवली. शिकारीच्या गोळ्या, पॉइंट ३०-३०, पॉइंट २४३ असल्या, त्या मात्र दोन हंटिंग सीझन खाऊन गेल्या, आमच्या इथले शेतकरी हरणाच्या मोसमात एकमेकांकडे पाच-पाच राउंड उसने मागत होते. आणि सुटे प्राइमर सगळ्यात शेवटी. हजाराला ३०-३५ डॉलर असायचे ते शंभराच्या वर गेले, २०२३ ला दिसायला लागले पण तो जुना भाव विसरा.

त्यात मध्येच ऑगस्ट २०२१ मध्ये स्टेट डिपार्टमेंटने रशियन गोळ्यांची नवीन इम्पोर्ट परमिटं बंद केली, ते टुला, वुल्फ वगैरे स्टील केसवाले स्वस्त डबे. एके-४७ वाल्यांचं रामायण तिथून वेगळंच चालू झालं आणि ते ह्या तुटवड्यात धरूच नये असं माझं मत, कारण तो माल उशिरा येत नव्हता, येणंच थांबत होतं.

शिफ्ट_इंजिनियर
काका, एक भर घालतो. २०२२ ला युक्रेन युद्ध लागलं आणि पावडरवर ताण आला. तोफेच्या गोळ्याला आणि तुमच्या रायफलीच्या गोळीला दोन्हीला नायट्रोसेल्युलोज लागतं, म्हणजे कापसाच्या तंतूपासून बनवलेलं, आणि ते बनवणारे जगात मूठभर. अमेरिकेच्या आर्मीचं ते व्हर्जिनियात रॅडफर्डला बनतं. २०२४ मध्ये अलायंट कंपनीने घरी गोळ्या भरणाऱ्यांसाठीच्या पावडरीचा पुरवठाच काही काळ थांबवला होता. त्यामुळे "२०२० चा तुटवडा कधी संपला" ह्याचं उत्तर काही लोकांसाठी "अजून कुठे" असंच आहे.

आणि एक, माल कारखान्यातून निघायला लागला म्हणजे शेल्फ भरतं असं नसतं. मधल्या काळात दुकानदारांनी घाबरून तीन-तीन डिस्ट्रिब्युटरकडे तीच ऑर्डर टाकलेली असते. गिऱ्हाईक ५० चा बॉक्स घ्यायचं ते १००० ची केस घेतं. कांद्याचं जसं होतं ना, भाव चढणार म्हटलं की जी बाई किलोभर घेते ती पाच किलो घेते आणि मग खरंच चढतो. ज्या दिवशी लोकांचं कपाट भरतं त्या दिवशी मागणी धाडकन पडते, तीन ऑर्डरमधल्या दोन कॅन्सल होतात आणि सहा महिन्यांत कंपन्या रिबेट द्यायला लागतात. कारखान्याचं उत्पादन ह्या सगळ्यात फार तर थोडंफार वाढलेलं असतं. म्हणून मी म्हणेन तुटवडा संपायची तारीख कारखान्यात शोधू नका.

कोल्हापूरची_आई
इथे अमेरिकेचं चाललंय पण मला राहवत नाही म्हणून लिहिते. माझा मुलगा ५० मीटर रायफल मारतो, पॉइंट टू-टूच. कोल्हापुरात हे वेड जुनंय, तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली, राही सरनोबत, आणि आता कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ब्राँझ आणलं तेव्हापासून तर प्रत्येक गल्लीत एक रायफलवाला तयार होतोय. तर आमच्याकडे तुटवडा ही बातमी नसते, नेहमीचंच आहे. मॅचची गोळी इथे बनत नाही, एली इंग्लंडहून येणार, लापुआ, आरडब्ल्यूएस तिकडून युरोपातून. लायसन्सवर वर्षाला किती घेता येतील ते ठरलेलं, आणायचं म्हणजे परवानगी, असोसिएशन, कस्टम, आणि गोळ्या घेऊन येणारं विमान-जहाज मिळेपर्यंत पोराचं शेड्यूल बोंबलतं. लॉकडाउनमध्ये रेंज बंद होती म्हणून कळलं नाही, उघडली तेव्हा कळलं की गोळी कुठाय.

आणि तुम्ही सगळे शेल्फ भरलं म्हणजे झालं म्हणताय, आमच्यात तसं नसतं. प्रत्येक खोक्यावर लॉट नंबर असतो. एकाच कंपनीची एकाच नावाची गोळी, पण ह्या लॉटची ह्या बॅरलमधून एका नाण्याएवढ्या जागेत पडते आणि दुसऱ्या लॉटची पसरते. कोच रायफल व्हाइसमध्ये बांधून एकेक लॉट मारून बघतात आणि मग त्यातलाच साठा घ्यायचा असतो. तुटवडा आला की तो लॉट संपला, दुसरा जो मिळेल तो घ्या. पोराला सांगायचं काय, तुझ्या एका शॉटचा स्कोअर दहा पॉइंट चारचा नऊ पॉइंट आठ झाला त्यात तुझी चूक नाही? त्याला ते पटत नाही, तो रायफलच पुसत बसतो. दुकानात माल परत आल्यानंतरही आमचा लॉट मिळून सगळं जागेवर यायला आणखी एक सीझन जातो असं धरून चाला.

एअर रायफलच्या पेलेटला लायसन्स नाही, तेवढं बरं, पण तेही चांगले म्हटले की जर्मनीचेच.

कुडाळचो_झील
ताई बरोबर बोलल्या. आमच्या सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या बंदुका भरपूर, रानडुक्कर आणि माकड भात-नारळ ठेवत नाहीत. काही जणांकडे अजून ठासणीची आहे, काहींकडे बारा बोर काडतुसाची. खडकीच्या फॅक्टरीचं शक्तिमान काडतूस, बुडावर केएफ छापलेलं, तेच सगळे वापरतात. आमच्याकडे काडतूस महाग झालं म्हणून कोण रडत नाही एवढं, खरी अडचण निवडणूक लागली की. आचारसंहिता आली की बंदूक पोलीस स्टेशनला जमा करा. आणि डुकराला कुठे माहीत की आचारसंहिता आहे. लोकसभा झाली, विधानसभा झाली, मग झेडपी आली, भात कापून होईपर्यंत बंदूक स्टेशनातच. तात्या, तुमचा तुटवडा परवडला.

केटीकर_तात्या
@कुडाळचो_झील हसून हसून पोट दुखलं, आचारसंहिता डुकराला 😂
@कोल्हापूरची_आई लॉटचं पहिल्यांदाच ऐकलं, आणि मुलाला खूप शुभेच्छा. मी तर जे स्वस्त ते घेतो आणि कागदावर लागलं तरी खूश होतो.

आता शेवटचे दोन प्रश्न, मग मी गप्प बसतो. एक, माझ्यासारख्या शनिवारवाल्याने साठा किती ठेवावा? दोन, मला एक मार्लिन कंपनीची लिव्हर अ‍ॅक्शन रायफल घ्यायची फार इच्छा आहे, ती जुन्या काउबॉय लोकांकडे असायची तशी. दुकानदार म्हणतो आत्ताच घ्या, परत मिळणार नाही. खरंय का?

नीता_एनजे
पहिल्याचं मी सांगते. तुम्ही महिन्याला जेवढे मारता ते लिहून काढा, सहा महिन्यांचं गुणून तेवढं ठेवा, आणि भाव शांत असताना दर वेळी एक बॉक्स जास्तीचा घेत जा. रिबेट बहुतेक हंटिंग सीझन उलटला की येतात तेव्हा घ्या, बातमी आली की नको. पॉइंट टू-टू जरा जास्त ठेवा कारण ती आली की लवकर जात नाही, गेली की लवकर येत नाही, आणि जागाही कमी खाते, ५०० ची वीट म्हणजे साधारण चहापत्तीच्या पाकिटाएवढी, वहिनींना दिसणार पण नाही. गॅरेजमध्ये मात्र ठेवू नका, ह्यूस्टनची दमट हवा आणि उन्हाळा, घरात कोरड्या जागी कुलपात ठेवा. घरात मुलं असतील तर बंदूक वेगळ्या कुलपात आणि गोळ्या वेगळ्या, हे सांगायला नको पण सांगते.

ओहायोचा_सातारकर
नीताताईंशी सहमत, फक्त सहाच्या ऐवजी मी बारा महिने म्हणेन, पण माझ्याकडे तळघर आहे आणि बायकोने नाद सोडलाय.

मार्लिनचं ऐका. ती रेमिंग्टनच्या मालकीची होती. २०२० मध्ये दिवाळखोरीत विकली गेली तेव्हा रुगरने सप्टेंबरमध्ये ती साधारण ३ कोटी डॉलरला घेतली, मशिनरी, ड्रॉइंग, सुटे भाग सगळं ट्रकात भरून आपल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या कारखान्यात नेलं आणि पहिली १८९५ मॉडेलची रायफल बाहेर पडली ती डिसेंबर २०२१ मध्ये. म्हणजे पैसा आहे, अनुभव आहे, गिऱ्हाईक हातात नोटा घेऊन उभं आहे, तरी पहिली बंदूक यायलाच सव्वा वर्ष गेलं, आणि तीही एकाच मॉडेलची, बाकीची मॉडेलं त्यानंतर एकेक करत आली. त्या काळात जुन्या मार्लिनचे भाव असे काही चढले होते की लोकांनी आजोबांच्या बंदुका विकून सुट्टीची ट्रिप काढली. आता मात्र ती नियमित निघते, सगळीकडे दिसते, तुमचा दुकानदार उगाच घाई करतोय. दोन-तीन ठिकाणी भाव काढा. आणि घ्यायच्या आधी कुठल्या गोळीची घेताय ते बघा, ४५-७० ची घेतलीत तर एकेक राउंड दोन-तीन डॉलरला पडेल आणि खांदाही दुखेल. पॉइंट ३५७ ची घ्या, तिच्यात पॉइंट ३८ स्पेशल पण चालते, म्हणजे एक गोळी गायब झाली तर दुसरी असते.

केटीकर_तात्या
३५७ नक्की. ह्या शनिवारी शुगरलँडच्या एका दुकानात बघून येतो, भाव टाकतो इथे.